शालानिवडीची शास्त्रोक्त पद्धती

पुणे शहरात, किंवा कालपरवापर्यंत जेथे ज्वारीची शेते होती आणि आज बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत अशा वाघोली-बावधनसारख्या भागांत ज्यांस अपत्य झाले आहे अथवा नजीकच्या काळात होण्याचा संभव आहे, त्या सर्व सद्गृहस्थांच्या व गृहिणींच्या उपयोगासाठी प्रस्तुत मार्गदर्शिका तयार केली आहे. विवाह कसा जुळवावा, घर कसे बांधावे, मधुमेह कसा आवरावा या विषयांवर आपल्या भाषेत ग्रंथांची वाण नाही. परंतु ज्या एका निर्णयापायी मध्यमवर्गीय संसाराची बरीचशी मिळकत आणि जवळजवळ सगळी मनःशांती खर्ची पडते, त्या शालानिवडीविषयी पद्धतशीर विवेचन कोठे आढळत नाही, म्हणून हा खटाटोप.

विषयास हात घालण्यापूर्वी एक मूलतत्त्व वाचकाने मनात पक्के करावे. शाळा मुलासाठी निवडावयाची नसते. साडेतीन वर्षांचे मूल जगातील कोणत्याही शाळेत दोन दिवस रडते आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या डब्यातील पोळी खाऊ लागते. त्याचे समाधान होण्यास सोबती, थोडी मोकळी जागा आणि न ओरडणाऱ्या बाई एवढेच पुरते. पालकांचे समाधान मात्र इतके स्वस्त नाही, आणि पुढील सर्व नियम त्यांच्याच समाधानाच्या धोरणाने आखलेले आहेत.

पूर्वतयारी

राज्य सरकारच्या नियमाप्रमाणे नर्सरीत जाणाऱ्या बालकास त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे, आणि पहिलीत जाणाऱ्यास सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. नाताळात जन्मलेले मूल यामुळे एका वर्गात जाते, आणि त्याच प्रसूतिगृहात मकरसंक्रांतीच्या आसपास जन्मलेले दुसरे मूल त्याच्या मागल्या वर्गात बसते. दूरदृष्टीच्या दांपत्यांनी पंचांगातील मुहूर्तांबरोबर या तारखेचाही विचार करावा. ज्यांच्या हातून ही वेळ निघून गेली आहे त्यांनी निदान जन्माचा दाखला, आधार, राहत्या जागेचा पुरावा, लसीकरणाचे कार्ड आणि बालकाची पासपोर्ट आकाराची डझनभर छायाचित्रे यांची एक फाईल तयार ठेवावी. छायाचित्रात मूल हसत असल्यास ते दुसरे काढावे. दप्तरी कामास गंभीर मुद्रा शोभते.

शाळांचे वर्गीकरण

शाळा मुख्यतः चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार महानगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांचा. ही शाळा बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असते, आठवीपर्यंत शुल्क घेत नाही, पाठ्यपुस्तके व गणवेश देते, दुपारी शिजवलेले अन्न देते, आणि तेथील शिक्षक अध्यापनाची पदविका घेऊन, पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन, स्पर्धेतून निवडून आलेला असतो. एवढे गुण एकत्र आल्यामुळेच सुज्ञ पालकास संशय येतो. त्यातून जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण या तीन कामांसाठी या शिक्षकास वर्गाबाहेर काढण्याची मुभा खुद्द शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने दिलेली आहे, आणि या तिहींच्या उंबरठ्यावरून पुष्कळ इतर कामेही आत शिरतात, हा दोष खरा आहे. परंतु पालक ही शाळा टाळतात ते यास्तव नव्हे. जी वस्तू फुकट मिळते तिचा उल्लेख लग्नसमारंभात करता येत नाही, हे मुख्य कारण होय.

दुसरा प्रकार अनुदानित शाळांचा. संस्था खासगी, शिक्षकांचा पगार सरकारी, आणि इमारत पेठेत. या वर्गातील जुन्या संस्थांचा इतिहास उज्ज्वल आहे. १८८० साली चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून टिळक व नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल काढले तेव्हा खासगी शाळा म्हणजे शिक्षकाने अल्प वेतनावर राबावयाची जागा, असा लोकांचा समज होता. त्याग तेवढा आता शिक्षकाकडून पालकाकडे वर्ग झाला आहे. अशा शाळांत ‘सेमी इंग्रजी’ तुकडी असते, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उरलेला इतिहास मराठीतून, ही तडजोड पुष्कळ कुटुंबांना मानवते. एकच अडचण अशी की, मुलाचे वडील स्वतः याच शाळेत शिकलेले असतात, आणि तेथून काय निष्पन्न होते याचा पुरावा घरातच बसलेला असतो.

तिसरा प्रकार स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. २०१२ च्या अधिनियमाने यांच्या स्थापनेचा मार्ग प्रशस्त झाला, आणि शहराच्या कडेने त्या झपाट्याने उगवल्या. यांत राज्य मंडळाच्या, सीबीएसईच्या व आयसीएसईच्या अशा पोटजाती आहेत. चौथा प्रकार परदेशी अभ्यासक्रमाच्या शाळांचा. तेथील शुल्काचा आकडा ऐकल्यावर पालकास स्वतःच्या बालपणाविषयी एकाएकी आदर वाटू लागतो, याहून अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

शाळेचे निरीक्षण

शाळा पाहावयास जाताना प्रथम प्रवेशद्वार, नंतर स्वागतकक्ष, आणि वेळ उरल्यास वर्ग, असा क्रम ठेवावा. तरणतलाव असल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे. त्यात पाणी केव्हा असते हे विचारू नये. याशिवाय असभ्य मानले जाणारे काही प्रश्न आहेत, ते चुकूनही तोंडातून जाऊ नयेत म्हणून येथे नमूद करून ठेवतो. पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे कायदा म्हणतो, तर तुमच्या वर्गात मुले किती? वर्गशिक्षिकेची पात्रता कोणती, आणि गेल्या तीन वर्षांत या वर्गास किती शिक्षिका आल्या व गेल्या? फलकावर सीबीएसई असे लिहिले आहे, तर संलग्नता क्रमांक कोणता, की संलग्नतेचा अर्ज अद्याप मार्गस्थ आहे? शाळेचा यू-डायस क्रमांक काय? असे प्रश्न करणारा मनुष्य पत्रकार किंवा वकील असावा असा समज होतो, आणि त्याच्या पाल्यास जागा शिल्लक नसल्याचे लगेच निष्पन्न होते.

मुलाखतीचा विधी

प्रवेशासाठी बालकाची अथवा त्याच्या आईबापांची चाचणी घेणे शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने निषिद्ध असून, पहिल्या अपराधास पंचवीस हजार आणि नंतरच्या प्रत्येकास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचा मान राखणे हे प्रत्येक शाळेचे कर्तव्य असल्यामुळे मुलाखत आता कोठेही होत नाही. होतो तो ‘अनौपचारिक संवाद’. या संवादात मूल रंग ओळखते, आई पदवी सांगते आणि वडील कंपनीचे नाव सांगतात. संवादाच्या तयारीसाठी खास वर्ग चालतात, त्यांस जावे. मुलाने ‘तुला काय आवडते’ या प्रश्नास ‘चिखल’ असे खरे उत्तर दिल्यास आईने मंद हसून ‘त्याला निसर्गाची ओढ आहे’ असा खुलासा करावा.

शुल्काचे शास्त्र

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले तेव्हा जो बाप मुलास शाळेत धाडणार नाही त्यास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. शंभर वर्षांत आपण एवढी मजल मारली आहे की, आजचा बाप मुलास शाळेत धाडल्याबद्दल त्याच्या सहस्रपट रक्कम आनंदाने भरतो आणि पावती चौकटीत लावण्याच्या लायकीची समजतो.

देणगी घेणे त्याच १३ व्या कलमाने वर्ज्य आहे. शुल्काचे नियमन करण्यासाठी महाराष्ट्राने २०११ चा स्वतंत्र अधिनियम केला असून, त्याअन्वये शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीने शुल्कास संमती द्यावयाची असते. या समितीत पालक आहेत, आणि अध्यक्षस्थानी मुख्याध्यापक आहेत. ज्याने मागावयाचे त्यानेच सभेचे कामकाज चालवावयाचे, ही व्यवस्था सोयीची असल्याने सभा वेळेत संपतात. पालकांनी आपल्या प्रतिनिधीचे नाव विचारण्याच्या फंदात पडू नये. तो प्रतिनिधी आपणच आहोत असे कधीकधी निघते. शुल्काव्यतिरिक्त बस, दोन प्रकारचे बूट, ठरावीक दुकानातील वह्या, सहल आणि स्नेहसंमेलनातील मधमाशीचा पोशाख यांची वेगळी तजवीज करावी.

पंचवीस टक्क्यांचे प्रकरण

खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांस द्याव्यात, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. या जागा ऑनलाइन सोडतीने भरल्या जातात, घरापासून शाळेचे अंतर मोजले जाते, आणि ज्या मोलकरणीच्या मुलाचे नाव सोडतीत निघते त्याच्या शेजारी कधीकधी तिच्या मालकिणीचे मूल बसते. या घटनेने दिवाणखान्यांत जी अस्वस्थता पसरली ती दूर करण्याचा यत्न फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला: ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल तिला या जबाबदारीतून मोकळे करावे, अशी दुरुस्ती राज्य शासनाने नियमांत केली. पुण्यासारख्या शहरात हाकेच्या अंतरावर सरकारी शाळा नाही अशी आळी सापडणे कठीण, तेव्हा बहुतेक शाळा सुटल्याच असत्या. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत ही दुरुस्ती रद्दबातल ठरवली. तात्पर्य, सरकारी शाळा घराजवळ आहे हे सगळ्यांच्या ध्यानात यावे यासाठी एक अधिसूचना व एक निकालपत्र खर्ची पडले. ती शाळा आतून पाहण्यास मात्र कोणी गेले नाही.

प्रवेशोत्तर कर्तव्ये

प्रवेश मिळाल्यावर पालकांनी व्हॉट्सॲपच्या गटात सामील व्हावे, थर्माकोलचा ज्वालामुखी रात्री अकराला तयार करावा, आणि दुसरीपासून शिकवणी लावावी. शाळा उत्तम असताना शिकवणी कशासाठी, असा प्रश्न आजोबांनी केल्यास त्यांस दूरदर्शनसमोर बसवावे. मराठी हा विषय २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत अनिवार्य आहे, त्याबद्दल मात्र आजोबांस उपयोगात आणावे.

एक सावधगिरीची सूचना

वरील पद्धती निर्दोष आहे. तथापि तिला बाधा आणणारी काही उदाहरणे अलीकडे घडली आहेत, ती दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात वाबळेवाडी येथे जिल्हा परिषदेची शाळा गावकऱ्यांच्या हातभाराने अशी उभी राहिली की, तेथे प्रवेश मिळावा म्हणून बाहेरगावचे पालक खेटे घालू लागले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मुंबई महापालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने सीबीएसईच्या शाळा काढल्या तेव्हा अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. १८४८ साली फुले दांपत्याने मुलींसाठी शाळा काढली ती ज्या शहरात, त्याच शहरातील पालकांनी अशा वार्तांकडे फार लक्ष दिल्यास वर्गीकरणाचा पायाच ढासळण्याचे भय आहे.

या उदाहरणांच्या मुळाशी एक कलम आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे पाऊणशे टक्के सदस्य पालक, निम्म्या सदस्य स्त्रिया, अध्यक्ष पालकांतून निवडलेला, आणि मुख्याध्यापक केवळ सचिव. शाळेचा विकास आराखडा या समितीने करावयाचा, अनुदान कोठे खर्च झाले ते तिने तपासावयाचे, शिक्षक वेळेवर येतात की नाही हे तिने पाहावयाचे. म्हणजे जेथे आपण लाख रुपये मोजतो तेथे मुख्याध्यापक अध्यक्ष आणि आपण श्रोते. जेथे एक पैसा मोजत नाही तेथे आपण अध्यक्ष. यावरून सूक्ष्म विचार करणाऱ्यास कळून येईल की, आपण जे भरतो ते शिक्षणाचे मोल नसून या सभेस गैरहजर राहण्याचे मोल आहे, आणि त्या दृष्टीने पाहता शुल्क अगदी माफक आहे. तक्रार करण्याची ज्यांस सवय व ऐपत होती ते सर्व येथून उठून गेल्यावर ही शाळा खालावली, म्हणून आपण उठून गेलो, असा हा हिशेब दोन्ही बाजूंनी बरोबर जुळतो.

एवढे वाचूनही ज्याच्या मनात कुतूहल उरले असेल त्याने पाल्याचे नाव घराजवळच्या शाळेच्या पटावर घालून समितीच्या मासिक सभेस एकदा जावे. मात्र जाताना चष्मा, लेखणी आणि दोन तासांची सवड बरोबर असू द्यावी, कारण सभेस आपणहून आलेल्या पालकास अध्यक्ष करण्याची तेथे वहिवाट आहे, आणि सचिव पहिल्याच दिवशी दोन वर्षांच्या हिशेबाची वही सहीसाठी पुढे सरकवतात.