दहा पौंडांची मोटार कंपनी

नको झालेली म्हैस दाव्यासकट द्यावी आणि वर वैरणीला पैसेही द्यावेत, तसा हा सौदा. सन 2000 मध्ये बीएमडब्ल्यूनं इंग्लंडची रोव्हर कंपनी चार स्थानिक व्यावसायिकांना दहा पौंडांना विकली. वर 40 कोटी पौंडांहून जास्त बिनव्याजी कर्जही दिलं. पाच वर्षांत कंपनी बुडाली. लाँगब्रिजच्या कारखान्यातल्या सुमारे सहा हजार माणसांची नोकरी गेली. हे चौघे आणि त्यांचा मुख्याधिकारी मिळून पगार-पेन्शनपोटी चार कोटी पौंडांच्या वर घेऊन गेले, असं नंतर सरकारी चौकशीत निघालं. दहा पौंड वसूल झाले म्हणायचे.

हाच देश 1950 साली जगात सर्वांत जास्त मोटारी निर्यात करत होता. त्यांनी मोडीत काढलेली मॉरिस ऑक्सफर्ड आपण अँबॅसडर म्हणून 2014 पर्यंत बनवली, मंत्र्यांनी मिरवली, टॅक्सीवाल्यांनी पोटापाण्याला लावली. मग साहेबाचं बिनसलं कुठे?

ठरलेलं उत्तर आहे : युनियन. सत्तरच्या दशकात ऊठसूट संप होत, लाँगब्रिजचे कामगार नेते डेरेक रॉबिन्सन यांना तर वर्तमानपत्रांनी ‘रेड रॉबो’ असं नावच ठेवलं होतं. संप झाले, हे खरंच. पण 1973 ची ऑस्टिन अॅलेग्रो बघा. तिचं स्टिअरिंग चौकोनी होतं! कोपरे गोलसर केलेले, पण चौकोनीच. गोल चाक हजारो वर्षं नीट चाललेलं असताना कुणाला तरी ते सुधारावंसं वाटलं, वरच्या साहेबांनी त्यावर सही केली आणि दोनेक वर्षांत निमूटपणे गोल चाक परत आलं. हे चाक काही रेड रॉबोनं काढलं नव्हतं.

हिशेबाचीही तीच तऱ्हा. 1959 ची मिनी म्हणजे इंजिनीअरिंगची कमाल, किंमत 500 पौंडांच्या आत. फोर्डवाल्यांनी एक मिनी विकत आणली, नट-बोल्टपर्यंत सुटी केली आणि हिशेब मांडला : प्रत्येक गाडीमागे सुमारे 30 पौंडांचा तोटा. बनवणाऱ्यांना हे कळायला प्रतिस्पर्ध्याचा पाना लागला. पुढे 1968 मध्ये ऑस्टिन, मॉरिस, ट्रायम्फ, रोव्हर, जॅग्वार अशा सगळ्या सवती ब्रिटिश लेलँडच्या एका घरात नांदवल्या. सात वर्षांत घर सरकारला चालवायला घ्यावं लागलं.

आता मागच्या दिव्यांत युनियन जॅक मिरवणारी मिनी जर्मनांची आहे, बेंटलेही जर्मनांची. ‘मॉरिस गॅरेजेस’वाली एमजी चिन्यांकडे गेली आणि गुजरातेत हालोलला बनून आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ब्रिटिश वारसा सांगत उभी असते. ब्रिटनमध्ये 1972 मध्ये 19 लाखांवर मोटारी बनल्या होत्या, 2024 मध्ये आठ लाखही नाहीत. आणि तिथला मोटारींचा सगळ्यात मोठा कारखाना जपानच्या निसानचा.

पण मला सगळ्यात आवडतो तो 2003 चा किस्सा. रोव्हरकडे नवी छोटी गाडी काढायला पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी पुण्यातून टाटांची इंडिका मागवली, पुढं रोव्हरचा बिल्ला ठोकला आणि ‘सिटीरोव्हर’ म्हणून 6,495 पौंडांपासून विकायला काढली. एका गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमाला परीक्षणासाठी गाडी द्यायलाच कंपनी तयार नव्हती. शेवटी कार्यक्रमवाल्यांचा माणूस छुपा कॅमेरा घेऊन गिऱ्हाईक म्हणून शोरूममध्ये गेला. आपल्याच बिल्ल्याची एवढी धास्ती!

2008 मध्ये टाटांनी फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. बीएमडब्ल्यूकडून फोर्डकडे गेलेलं ‘रोव्हर’ हे नुसतं नावही त्याच गाठोड्यातून आलं. म्हणजे इंडिकावर ठोकलेला तो बिल्ला आता इंडिकावाल्यांच्याच मालकीचा आहे. त्या नावाची गाडी त्यांनी अजून एकही काढलेली नाही.