पंचनाम्यात मुलांचा रकाना

वादळ ओसरलं की मोजदाद सुरू होते. किती घरं पडली, किती खांब वाकले, किती झाडं उन्मळली. 20 मे 2020 रोजी अम्फान चक्रीवादळ सुंदरबनाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि एका रात्रीत कोलकात्यात हजारो झाडं आडवी झाली. कॉलेज स्ट्रीटच्या पाण्यात तरंगणारी पुस्तकं साऱ्या देशानं पाहिली. त्या पुस्तकवाल्यांसाठी लोकांनी पदरमोड केली, हे चांगलंच झालं. पण तिथून शंभरेक किलोमीटरवर, बेटांवरच्या मुलांची भिजलेली दप्तरं कुणाच्या यादीत आली नाहीत.

बंगाल सरकारनं पूर्ण पडलेल्या घरामागे 20 हजार रुपये जाहीर केले. त्या याद्यांतही वशिल्याची नावं घुसल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन ‘कॅग’च्या चौकशीपर्यंत पोहोचलं. भिंतीच्या भरपाईसाठी एवढं भांडण झालं. मुलांच्या नुकसानीसाठी भांडायला निदान रकाना तरी हवा, तो नव्हताच.

त्यांचं नुकसान सावकाश होतं. बांध फुटतो, खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. तळ्यातले मासे पोट वर करून तरंगतात. बाप केरळात किंवा तमिळनाडूत मजुरीला जातो. 2009 च्या आयला वादळानंतर गावंच्या गावं अशी रिकामी झाली. मग दारात ओळखीचाच कुणीतरी येतो. मुलीला शहरात काम मिळवून देतो म्हणतो, आईच्या हातावर थोडे पैसे टेकवतो. तोवर मदतीचे ट्रक केव्हाच परतलेले असतात.

ती मुलगी कुठे जाते, हे आपल्याला ठाऊक नाही असं म्हणायची सोय नाही. दक्षिण 24 परगण्यातल्या मुली पोलिसांच्या छाप्यांत दिल्लीत सापडतात, तशा मुंबई-पुण्यातही सापडतात. तेव्हा हा प्रश्न बंगालचा आहे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

आणि आपलंही घर शाबूत कुठे होतं? अम्फाननंतर दोनच आठवड्यांनी, 3 जूनला, निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागांचे पंचनामे झाले, ते व्हायलाच हवे होते. शाळांचेही पत्रे उडाले होते. पण टाळेबंदीत शाळा बंदच होत्या, त्यामुळे छप्पर नसल्याची बोंब मारायला वर्गात कुणी नव्हतं. बंगालात तर प्राथमिक शाळा 2022 च्या फेब्रुवारीपर्यंत उघडल्या नाहीत. वादळ आणि टाळेबंदी, दोन्ही एकाच पोराच्या वाट्याला आली.

तांदूळ, ताडपत्री, पिण्याचं पाणी पहिल्या आठवड्यात हवंच. पण मुलांना मदत लागते ती सहाव्या महिन्यात: वह्या-पुस्तकं, शाळेतलं जेवण, वाहून गेलेले दाखले पुन्हा काढून देणारा कुणीतरी, आणि गावात दलाल फिरकला तर 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करायला सांगणारी अंगणवाडीताई. यातलं काहीही महाग नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पंचनाम्याच्या कागदावर एक रकाना वाढवा: या घरात मुलं किती, शाळेत जाणारी किती. आणि सहा महिन्यांनी त्याच घरी जाऊन तोच रकाना पुन्हा भरा. आकडा कमी झाला असेल, तर त्याचा जाब जिल्हाधिकाऱ्यांना विचारा.