म्हैस, बेडूक आणि एक छोटंसं फीचर

जालना जिल्ह्यातल्या ज्या सुजाण माणसाच्या मोबाइलवर ओपन सोर्स हवामान ॲप आहे, त्याला मृग लागायच्या सुमारास एक सूचना हटकून सुचते: यात नक्षत्राचं वाहनही दिसलं पाहिजे. पावसाची शक्यता 40 टक्के, एवढ्यावर बदनापूरच्या शेतकऱ्यानं सरकी टोकायची की थांबायचं? वाहन म्हैस आहे की गाढव, हे कळलं तर निदान पारावर बोलायला विषय होतो. सूचना रास्तच आहे. ती डेव्हलपरच्या गळी कशी उतरवावी, यासाठी हे मार्गदर्शन.

आधी ॲप कुणाचं ते बघावं. मागे मोठी कंपनी, हिंजवडीत ऑफिस, तक्रारींसाठी टोल फ्री नंबर, असं चित्र असेल तर पुसून टाकावं. बहुतेक वेळा मागे एक-दोन माणसं असतात, नोकरी सांभाळून रात्री पोरं झोपल्यावर बसणारी. अशा ॲपच्या परवान्यात लिहिलेलंच असतं की वस्तू आहे तशी घ्या, हमी कसलीच नाही. तरी आपण अंगारकीला राजूरच्या वाटेवर फुकटची साबुदाण्याची खिचडी हातात घेऊन वाटणाऱ्या पोराला ‘दही नाही का रे?’ विचारावं तसं विचारतोच. विचारायला हरकत नाही. आवाज चढवू नये.

मागणी नोंदवायच्या जागेला इश्यू म्हणतात. तहसीलला अर्ज लिहायचा आपला दांडगा अनुभव इथं अर्धाच कामाला येतो. ‘विषय’ची ओळ जरूर घ्यावी. ‘वरील विषयास अनुसरून’ सोडावं, आणि माहितीसाठी प्रत जिल्हाधिकाऱ्यांना तर अजिबात लावू नये. एका इश्यूत मागणी एकच. वाहनाच्या पाठीवर मोसंबीचा भाव आणि डार्क मोड लादू नये. तेच कुणी आधी मागितलं असेल तर तिथं अंगठा उमटवून गप्प बसावं, कारण ‘मलाही पाहिजे’ लिहिलं की त्या इश्यूवर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्यांना ईमेल जातो. काही कामांना तर डेव्हलपर लागतच नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या ॲपमध्ये कुंडलिका नदीचं नाव मराठीत दिसत नसेल, तर खातं उघडून ते नकाशात आपणच भरता येतं. पण स्वतः करण्यापेक्षा सुचवण्यातला आनंद वेगळा, हे मान्य.

आता मुख्य पथ्य. ‘छोटंसंच फीचर आहे’ हे वाक्य लिहू नये. आपल्याला ते छोटंच दिसतं. सूर्य नक्षत्रात शिरताना सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि 9 नं भागायचं. बाकी 1 उरली तर घोडा, 2 कोल्हा, 3 बेडूक, 4 मेंढा, 5 मोर, 6 उंदीर, 7 म्हैस, 8 गाढव. काहीच उरलं नाही तर हत्ती. प्राथमिक शाळेतला भागाकार! यावर परदेशात बसलेला बिचारा डेव्हलपर विचारतो: चंद्र कुठून आणू? पंचांग कोणतं, दाते की टिळक? दोन्हींचे अयनांश वेगळे, त्यामुळे नक्षत्र लागायच्या तारखेत काही दिवसांचा फरक पडतो. नॉर्वेतल्या माणसाला सकाळी उठून स्क्रीनवर गाढव दिसलं, तर त्याला काय सांगू? आणि एका गाढवाचे मिलिमीटर किती?

शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं: हवामानशास्त्र वाहन मानत नाही, ही परंपरा आहे. म्हणून ज्याला हवं त्यानंच चालू करावं, एरवी ते बंद असावं, असं आपणच सुचवावं. सोबत 9 वाहनांचा तक्ता, गेल्या काही वर्षांच्या पंचांगातल्या तारखा आणि गावातल्या एखाद्या चित्रकलेच्या सरांकडून काढून घेतलेली म्हैस जोडावी. जोडलेली म्हैस बघून डेव्हलपर विरघळतो.

मग वाट बघावी. आठवड्याला ‘काय झालं?’ विचारू नये. हा तगादा किती महागात पडतो त्याचा दाखला आहे. फाइली आकसून ठेवणारं एक्सझेड जगभरातल्या लिनक्समध्ये असतं आणि ते लासे कॉलिन हा एकटा माणूस सांभाळत होता. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे टुमणं लावलं: जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. ती नावं बनावट असावीत, असा दाट संशय आहे. ‘जिया टॅन’ नावाच्या मदतनीसाच्या हाती अधिकार गेले आणि त्यानं आत चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून ते उघडकीला आलं. आपल्या बेडकापायी कुणावर अशी वेळ आणू नये.

नकार आला तर आभार मानून इश्यू बंद होऊ द्यावा. कोड उघडाच आहे; इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला चहा पाजून आपली वेगळी प्रत काढता येते. होकार आला आणि फीचर खरोखर आलं, तर एक अंतिम सूचना. ॲपनं हत्ती दाखवला आणि मंठ्यात थेंब पडला नाही, याला बग म्हणत नाहीत. ती तक्रार पंचांगवाल्यांकडे न्यावी.