सदतीस क्विंटलची नजर

आदिलाबाद जिल्ह्यात कुठल्याही वस्तूची किंमत रुपयांत सांगून भागत नाही. मोटरसायकल असो, मुलीचं लग्न असो की हैदराबादच्या दवाखान्याचं बिल असो, ऐकणारा मनातल्या मनात त्याचा कापूस करून बघतो. त्यामुळे स्वारोव्स्की कंपनीची ‘एनएल प्युअर’ नावाची दुर्बीण आपल्याकडे तीन लाखांच्या आसपास पडते, हे मी घरात हळूच सांगितलं तेव्हा हिनं लगेच भागाकार केला. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये.

‘‘सदतीस क्विंटल,’’ ती म्हणाली. ‘‘कोरडवाहू पाच-सहा एकरांचं पीक गळ्यात अडकवून हिंडणार तुम्ही. आणि बघणार काय, तर साळुंकी.’’

मी म्हटलं, या दुर्बिणीत नायट्रोजन भरलेला असतो, आत दमट हवा शिरत नाही, धुकं धरत नाही. यावर तिचा चेहरा जरा सैल झाला. कापसात ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की हमीभावानं खरेदी करणारे सीसीआयवाले गाडी परत पाठवतात, आठच्या वर गेला की भाव कापतात. ज्यांनी आयुष्यभर यार्डात त्या ओलावा मोजायच्या यंत्राकडे परीक्षेच्या निकालासारखं पाहिलं, त्यांना ‘ओलावा शून्य’ या दोन शब्दांची किंमत कळते. पण तेवढ्यावर सदतीस क्विंटल कोणी सोडत नाही.

‘‘स्वारोव्स्की म्हणजे ते चमचम खड्यांचे दागिनेवालेच ना?’’ तिनं विचारलं.

तेच ते. डॅनिएल स्वारोव्स्कीनं 1895 मध्ये ऑस्ट्रियात वाटन्स गावी खडे कापायचा कारखाना काढला. मुलगा विल्हेल्म याला दागिन्यांपेक्षा डोंगर बघण्यात रस. त्यानं 1935 मध्ये पहिली दुर्बीण केली आणि 1949 मध्ये दुर्बिणींची वेगळी कंपनीच निघाली. हा इतिहास मी हिला मोठ्या उत्साहानं सांगितला. तो सांगायला नको होता, असं शेजारचे वकील म्हणतात, कारण त्यातून निघालेला निष्कर्ष असा होता: ‘‘मग एकाच घरचा माल आहे. दुर्बीण तुम्हाला, कानातलं मला.’’

आता साळुंकीबद्दल. हा आरोप मला मान्य नाही. अडचण पक्ष्यांची नाही, सरकारांची आहे. तेलंगणानं राज्यपक्षी निवडला पालपिट्टा, म्हणजे आपला नीळकंठ. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ, म्हणून माणसं मुद्दाम शिवारात जातात. आणि हा गृहस्थ विजेच्या तारेवर, रस्त्याच्या कडेला, फोटोला बसावं तसा बसलेला. उडाला की निळ्या पंखांचा भपका असा, की चष्मा घरी विसरलेल्यालाही पुण्य लागावं. उलट पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्रानं निवडला हरियाल. हिरवा पक्षी, हिरव्या वडात, फळं खाताना हालचाल नावापुरती. दहा हरियाल असलेल्या झाडाखाली आख्खी वरात जेवून उठेल, कुणाला पत्ता लागणार नाही. म्हणजे नदीच्या या काठाला राज्यपक्षी डोळ्यांनी दिसतो आणि त्या काठाला दुर्बीण लागते. आम्ही मराठी बोलणारे, राहणार तेलंगणात. आम्हाला दोन्ही राज्यपक्षी आपले. मग दुर्बीण आलीच.

शिवाय पिंगळा आहे. साधा पिंगळा प्रत्येक गावाच्या चिंचेवर असतो. पण त्याचा एक दुर्मीळ भाऊ आहे, रानपिंगळा. 1884 नंतर तो कुणाला खात्रीनं दिसलाच नाही. रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलनं 1914 मध्ये एक मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं, पण तो नमुना म्हणजे संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला जुनाच पक्षी निघाला. हे शोधून काढणाऱ्या पामेला रासमुसेन मग स्वतःच सोबत्यांना घेऊन खानदेशात आल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना तो पिंगळा उघड्या फांदीवर बसलेला दिसला. 113 वर्षं. आणि दोघा भावांतला एक मोठा फरक काय, तर साध्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. आमच्या जिल्ह्यात तो सापडल्याचं मी ऐकलेलं नाही. पण सागाचं रान आमच्याकडेही आहे. टिपेश्वर अभयारण्याचे वाघ पैनगंगा ओलांडून बिनपासाचे इकडे येतात, तर एखाद्या पिंगळ्याला काय बंदी आहे? तेव्हापासून मी प्रत्येक पिंगळ्याचं डोकं तपासतो. माझ्या जुन्या दुर्बिणीतून सगळ्यांचीच डोकी कोरी दिसतात, आणि इथेच खर्चाला सुरुवात होते.

पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींना हा प्रश्न नव्हता. 1931-32 मध्ये त्यांनी निजामाच्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा आमचा जिल्हा त्याच संस्थानात होता. त्या काळी पक्ष्याची खात्री करून घ्यायची रूढ पद्धत म्हणजे बंदूक. ठिपके सावकाश हातात घेऊन मोजता येत.

तर निवड. वरच्या पंक्तीत कंपन्या तीन. स्वारोव्स्की ऑस्ट्रियातल्या अब्सामची. झाइस आणि लायका या दोघी जर्मनीतल्या आणि दोघींच्या दुर्बिणींचं बिऱ्हाड वेट्झलार या एकाच गावात. एका गावात दोन पाटील असले की काय होतं ते मी सांगायला नको. झाइसचा दावा घराण्याचा: 1846 चं दुकान, 1894 ची लोलकाची दुर्बीण. लायकाचा दावा रंगांचा. तिन्हींच्या अंगावर नंबरप्लेट असते, 8x42 किंवा 10x42. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की दुर्बिणीतून डोळ्यावर येणारी उजेडाची चकती किती रुंद ते कळतं. 42 भागिले 8 म्हणजे सव्वापाच मिलिमीटर.

आता मेख अशी, की विशीत अंधारात माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीत ती पाचच्याही आत राहते. म्हणजे दुर्बीण घेण्याजोगे पैसे जमेपर्यंत तिचा उजेड आत घ्यायला दरवाजा उरत नाही. ही व्यवस्था कुणी केली असेल ती केली असेल, पण त्याला निवृत्तिवेतनाच्या नियमांची चांगली माहिती असावी.

आठ की दहा, यावर माणसं मैत्री तोडतात. माझं मत आदिलाबादनं बनवलं आहे. एप्रिलमध्ये पारा 44 वर गेला की उलंगवाडी झालेल्या रानावर हवा उकळायला लागते. अशा वेळी दहा पट मोठं करणारी दुर्बीण दहा पट मोठं मृगजळ दाखवते. टिटवी धड उभी असते, पण दुर्बिणीत ती लग्नातल्या बँडपुढे नाचते आहे असं वाटतं. तीन लाखांच्या काचेलाही तापलेली हवा खाली बसवता येत नाही. त्यात साठीतला हात. दहा पट जवळ आलेला पक्षी दहा पट थरथरतो. आठ बरी. ज्यांचा हात स्थिर आहे आणि ज्यांचं गाव समुद्रकाठी आहे त्यांनी दहा घ्यावी, आमची हरकत नाही.

दुकानात जाऊन बघावी म्हटलं, तर आदिलाबादेत असली दुर्बीण ठेवणारं दुकान नाही. नागपूर दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे, आणि दुकानातून बघायला मिळते समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटी. ती स्वच्छ दिसते, पण पाटी बघायला कोण तीन लाख घालतं? शेवटी योग आला तो सातनालाच्या धरणावर. टिपेश्वरला आलेले पुण्याचे तीन पक्षीवाले ओळखीनं इकडे आले होते. तिघांकडे तीन कंपन्या. सबंध दुपार ते चक्रवाकांच्या जोडीकडे पाठ करून एकमेकांच्या दुर्बिणी बघत होते. स्वारोव्स्कीवाले आकडा सांगत: हजार मीटरवर 159 मीटर रुंद देखावा. झाइसवाले म्हणत, आमचा 148, पण वजनाला हलकी, मान धरत नाही. लायकावाल्यांचा 135, ते आकड्यांविषयी बोलत नव्हते, ते ‘भाव’ हा शब्द वापरत होते.

तेवढ्यात बांधावरून एक शेतकरी आला. गळ्यात दुर्बीण असलेला माणूस आमच्याकडे एकतर जंगल खात्याचा असतो नाहीतर कालव्यासाठी जमीन मोजणारा, म्हणून आधी तो लांब उभा राहिला. मग मला ओळखून जवळ आला.

‘‘गुरुजी, त्या यंत्रातून आमचा बैल दिसन का? रातीच सुटला. तांबडा हाय, डाव्या शिंगाले निळा रंग.’’

दुर्बिणीची इतकी चोख परीक्षा कुठल्याही मासिकानं घेतलेली मी वाचलेली नाही. तिघांनी तीन दिशा वाटून घेतल्या. ज्याला पक्षी कुठे आहे ते माहीत असतं त्याला रुंद देखाव्याची गरज नसते. बैल कुठेही असू शकतो. एकशे एकोणसाठ मीटर आणि एकशे पस्तीस मीटर यांतला फरक आकड्यांत चोवीस, पण शिवारात तो बांधापलीकडचा आख्खा पट्टा आहे. स्वारोव्स्कीला बैल आधी दिसला. तांबडा बैल. पण शिंग? उन्हं कलली होती, बैल पळसाच्या सावलीत उभा. झाइसवाल्यांनी शिंग निळसर असल्याचं सांगितलं. लायकावाले बराच वेळ बघून म्हणाले, ‘‘निळं आहे, आणि निळ्याच्या खाली जुन्या पोळ्याचा पिवळा आहे.’’ बाकीचे दोघे गप्प झाले. भाव म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

मग दुर्बीण मालकाच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्याला लावली, जरा वेळ हललाच नाही. बैल पाटलांच्या घाटे धरलेल्या हरभऱ्यात पोटभर उभा होता.

‘‘हा आपला नोहे,’’ दुर्बीण परत करत तो म्हणाला.

‘‘अरे, डावं शिंग निळं आहे ना!’’

‘‘निळी शिंगं लय असतात, गुरुजी.’’ आणि तो उलट्या दिशेला चालू लागला. थोड्या वेळानं तिन्ही कंपन्यांच्या दुर्बिणींतून एकच दृश्य दिसत होतं: ओढ्यातून वाकून वाकून हरभऱ्याकडे निघालेलं एक मुंडासं. यावर तिघांचंही एकमत झालं की कडेपर्यंत चित्र रेखीव आहे.

मी मात्र थांबलो दिवस बुडेपर्यंत, कारण मला माझी परीक्षा घ्यायची होती. भर दुपारी माझी आठ-दहा हजारांची दुर्बीण आणि ती तीन लाखांची यांत फरक आहे, पण तो सांगावा लागतो. पाणी काळं पडायला लागलं तसा मी माझ्या दुर्बिणीत काठावरची ढोकरी बघत होतो. आधी तिची पाठ गेली, मग पाय गेले, मग ढोकरीच गेली, नुसता दगड उरला. शेजारच्या पुणेकराची दुर्बीण मागून घेतली. दगडाला पिवळा डोळा होता, मानेवर तपकिरी रेघा होत्या आणि चोचीत अजून जिवंत असलेली बोटभर मासोळी. घुबडं नेमकी याच वेळेला निघतात. कुणी कितीही म्हणो, की महागडी दुर्बीण म्हणजे नुसता रुबाब, मी ते ऐकणार नाही. ती दिवसाला पाव तास जोडते. पाव तासाचे सदतीस क्विंटल हा भाव जास्त आहे, एवढंच.

2024 मध्ये स्वारोव्स्कीनं पक्ष्याचं नाव आतच दाखवणारी दुर्बीण काढली. बटण दाबा, नाव वाचा. ती मला नको. मग पक्षी बघून परत येताना गाडीत भांडायचं कशावरून?

निर्णय झाला तो भलत्याच ठिकाणी. माझ्या दुर्बिणीतून सगळ्या पिंगळ्यांची डोकी कोरी दिसतात, ही तक्रार हिनं नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे मांडली. त्यांनी तपासलं आणि दुर्बिणीला निर्दोष सोडलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ‘‘आधी डोळ्यातलं भिंग बदला,’’ ते म्हणाले, ‘‘मग गळ्यातलं बघू.’’

मला वाटलं, सुटलो. निवड संपली. बाहेरच्या टेबलावर एक मुलगी बसली होती, तिनं माझ्यापुढे प्लास्टिक लावलेलं कार्ड सरकवलं. त्यावर तीन रकाने, तीन किमती.

‘‘सर, लेन्स कुठली घ्यायची ते ठरवा. ही साधी. ही जवळचं-लांबचं दोन्ही दाखवते, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. आणि ही जर्मन, झाइसची.’’

मी ताठ बसलो. सहा मिलिमीटरचं भिंग, घडी करून आत सरकवायचं. वजन नाही, पट्टा नाही, मान धरायचा प्रश्नच नाही. मी विचारलं, संधिप्रकाशात कशी आहे? कडेला रंग फाटतात का? देखावा किती मीटर रुंद?

मुलगी सगळं शांतपणे ऐकत होती. असे पेशंट तिनं पाहिले असावेत, किंवा नसावेत. ‘‘सर, मला फक्त एवढंच लिहायचंय,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्हाला चष्म्याशिवाय काय बघायचंय? पेपर की टीव्ही?’’

‘‘पिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके,’’ मी म्हटलं.

तिनं एकदा हिच्याकडे पाहिलं आणि ‘टीव्ही’वर खूण केली.