तोरणमाळ व्हाया डावं चाक

खांडबाऱ्यात एका चिंचेखाली उभा असलेला लाल डॉज ट्रक जागचा फारसा न हलता बराच फिरला आहे. तो घरात आला तेव्हा गाव मुंबई इलाख्यात आणि पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं. मग इलाख्याचं राज्य झालं, १ मे १९६० ला त्यातून महाराष्ट्र झाला, पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. एवढ्या सगळ्या प्रवासाला पेट्रोल काही लागलं नाही. पेट्रोल जाळून झालेला प्रवास त्या मानाने कमी, आणि पाहुण्यांच्या वाट्याला आलेला तर अगदीच चिमूटभर.

पाहुणे म्हणजे प्रस्तुत प्रवासवर्णनाचे कर्ते. अहमदनगरला १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयावर त्यांनी पूर्वी एक लेख लिहिला होता. तेव्हापासून मित्रमंडळी त्यांना लष्करी वाहनांचे तज्ज्ञ म्हणतात आणि त्यांनीही कधी हरकत घेतलेली नाही. तोफ ज्या बाजूला ती रणगाड्याची पुढची बाजू, एवढं ते ठामपणे सांगू शकतात. बुरूज फिरवून ठेवला नसेल तर बरोबरही निघतं. स्वतःच्या स्कूटरचं बॉनेट कुठे असतं असं त्यांनी एकदा मेकॅनिकला विचारलं होतं, तो विषय घरात काढत नाहीत. प्रवासात त्यांच्याबरोबर वही आणि छत्री असते. छत्री बारमाही. उन्हाळ्यात उन्हासाठी, पावसाळ्यात पावसासाठी आणि हिवाळ्यात बोलताना रोखायला.

सुरतेकडून ताप्ती लाइनने येताना नवापूर स्टेशनवर ते बाक दिसलं, ज्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. खांडबाऱ्याला उतरल्यावर बेत ठरला तो असा: याच ट्रकातून नंदुरबार, मग तापीकाठचं प्रकाशा, पुढे शहादा, तिथून सातपायरी घाट चढून तोरणमाळ, संध्याकाळी यशवंत तलावाकाठी चहा. तोरणमाळ फार सुंदर आहे, असं सगळेच सांगतात.

ट्रक डॉजचा, डब्ल्यूसी-५२ जातीचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पाऊण टन वजन वाहणारे हे डॉज अडीच लाखांच्या घरात बनवले. बंदुका, जखमी, वायरलेस, बटाटे, पुढ्यात येईल ते त्यांनी वाहिलं. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ९२ हॉर्सपॉवर, जोर चारही चाकांना, आणि ‘५२’ असेल तर पुढच्या बंपरवर विंच, म्हणजे तार गुंडाळून वजन ओढणारा रहाट. युद्ध संपलं तेव्हा आसाम-बंगालपासून ठिकठिकाणी असला माल पसरलेला होता आणि तो बोटीत भरून परत नेण्यापेक्षा इथेच विकून मोकळं होणं सोयीचं होतं.

त्या विक्रीच्या काळात काय काय विकलं गेलं आणि कोणी कोणी घ्यायला धाव घेतली, याला सुमार नाही. बंगालमधल्या पानागढला विमानांच्या भंगाराचा ढीग पडला होता. १९४६ मध्ये टाटा एअरक्राफ्टकडून तो दहा लाखांना घ्यायला पुढे कोण आलं, तर श्री हनुमान कॉटन मिल्स! कापडवाल्यांनी अडीच लाख अनामत भरली आणि बाकीचे पैसे काही भरले नाहीत. अनामत जप्त झाली. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९६९ मध्ये निकाल लागला आणि अडीच लाख गेले ते गेलेच. खांडबाऱ्याच्या आजोबांनी एवढी मोठी उडी घेतली नाही. घरात सांगतात त्याप्रमाणे, देवळालीच्या छावणीतून निघालेला एकच ट्रक त्यांनी सेकंडहँड घेतला आणि सागवान ओढायला लावला. एका ट्रकाने माणूस बुडत नाही. हळूहळू ओला होत राहतो.

आता ट्रक त्यांच्या नातवाच्या, म्हणजे मालकांच्या ताब्यात आहे. मालक पन्नाशीचे, शेती आणि थोडी मिरचीची खरेदी-विक्री. ‘परवडतं का हो?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे तयार उत्तर आहे: ‘लग्न परवडतं का, भाऊ?’ गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देते, तेही तिचा मूड असेल तर. महाराष्ट्रात पेट्रोल शंभरी ओलांडून बसलंय आणि सीमेपलीकडे गुजरातेत लिटरमागे दहाएक रुपये कमी पडतात, म्हणून सीमेवरची शहाणी माणसं तिकडे टाकी भरतात. डॉजची टाकी ११३ लिटरची. तिकडे भरली तर अकराशे वाचतात. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात आणि त्यात चौदाशेचं पेट्रोल जळतं. हा हिशोब पाहुण्यांनी वहीत मांडून दाखवला. मालक म्हणाले, ‘माहितीय. पण तेवढीच गाडी फिरते.’

दुखणी वेगळीच. मूळ वायरिंग ६ व्होल्टचं, म्हणजे शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून ढकलाढकल टाळावी म्हटलं तर दिवे फटाफट जायचे. शेवटी सगळंच १२ व्होल्टवर आणलं. सुट्या भागांचं नशीब मात्र चांगलं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने १९४७ पासून कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक बांधायला घेतले, त्यामुळे याच घराण्याचे पिस्टन, गॅस्केटं आणि पंप मुंबईच्या जुन्या बाजारात पुष्कळ वर्षं मिळत राहिले. अनेकांनी कंटाळून पेट्रोल इंजिन उचललं आणि मद्रासच्या सिम्पसनचं पर्किन्स डिझेल बसवलं. या घराने नाही बसवलं. का नाही, तर आवाज बदलतो.

रंग लाल, ट्रॅक्टरचा उरलेला. लष्करी गाडी आणि लाल कशी, असं शहरातून आलेला प्रत्येक हौशी माणूस नाक मुरडून विचारतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम आहे: संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. हौशी माणसाला तो माहीत नसतो. त्याला हिरवा रंग, दारावर पांढरा तारा आणि आपला फोटो हवा असतो. भाव विचारतो, भंगाराच्या दराने मागतो, वर ‘इथे कुजून जाईल हो’ असा सल्ला देतो. सरकारही याच रांगेत. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान द्यायचा नियम २०२१ मध्ये झाला, पण तो दुचाक्यांना आणि प्रवासी मोटारींना. एखाद्या शेठजीच्या लग्नात चार वेळा मिरवलेली मोटार वारसा ठरते आणि आयुष्यभर लाकडं ओढलेला ट्रक नुसता जुना ट्रक राहतो. पाहुण्यांना या गोष्टीचा इतका राग आला की त्यांनी छत्री हवेत रोखली. ती चिंचेच्या फांदीत अडकली.

निघाले एकदाचे. अमेरिकी गाडी, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे आणि पाहुणे उजवीकडे, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे. समोरून येणारा प्रत्येक जण पाहुण्यांकडे बघून साइड मागत होता, शिव्याही त्यांनाच देत होता. ओव्हरटेक करताना पुढचा रस्ता फक्त त्यांनाच दिसायचा. ‘काढू का, भाऊ?’ मालक विचारत आणि पाहुणे डोळे मिटून ‘थांबा’ म्हणत. अशा रीतीने एका बैलगाडीच्या मागून बराच काळ शांततेत प्रवास झाला.

गाव नजरेआड होतं न होतं तोच मागचं डावं चाक बसलं.

पंक्चर ही काही मोठी गोष्ट नव्हे. जॅक लागला, पाना लागला, मालकांनी जोर केला. नट हलला नाही. पान्यावर पाइप चढवला. नट हलला नाही. पाइपावर एक पोरगा उभा राहिला, मग दुसरा. तोवर रस्त्यावरची माणसं जमली होती, आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी नट पाहिला आहे अशा प्रत्येकाकडे एक उपाय होता. एकाने डिझेल ओतलं. एकाने हातोडीने ठोकलं. एक निवृत्त एसटी फिटर मान हलवत म्हणाले की ठोकायचं नसतं, आणि स्वतः ठोकायला लागले. पाहुण्यांनी ‘गंज’ असं निदान केलं, वहीत लिहिलं आणि काम करणाऱ्यांच्या डोक्यावर छत्री धरली. वही बघून मागे कुजबूज सुरू झाली, ‘आरटीओचे साहेब हायेत.’ एक रिक्षावाला हळूच रिक्षा वळवून आल्या वाटेने निघून गेला.

मग कट्ट करून आवाज झाला आणि सगळ्यांना आनंद झाला. नट सुटला नव्हता. स्टड तुटला होता.

यानंतरची शांतता बरीच लांबली. मालक चाकाशेजारी मातीत बसून राहिले. एका शाळकरी पोराला मोठी हातोडी आणायला मागच्या पेटीकडे पिटाळलं होतं. तो वाचायला नुकताच सराईत झालेला, दुकानांच्या पाट्यांपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत दिसेल ते मोठ्याने वाचायचा. पेटीचं झाकण उघडून त्याने वाचलं, ‘डावी बाजू उलटी. जोर लावू नये.’

मालक उठून गेले. झाकणाच्या आतल्या अंगाला पांढऱ्या ऑइल पेंटने, ब्रशने काढलेली दोन ओळींची अक्षरं होती. ‘नये’मधल्या ‘य’चं शेपूट रंग ओघळून खाली लांबलेलं. ‘अण्णांचं अक्षर,’ मालक म्हणाले. अण्णा, म्हणजे ट्रक घेणारे आजोबा, जाऊन बरीच वर्षं झाली. ती पेटी रोज उघडली जायची, पण वरच्या झाकणाकडे मान वर करून बघायचं कारण पडलं नव्हतं, आणि आजवर पंक्चर व्हायचं ते उजवीकडेच झालं होतं. मालकांनी बाहीने झाकण पुसलं, पुन्हा एकदा पुसलं. निवृत्त फिटरांनी उगाच खिशात तंबाखू शोधली. पाहुण्यांना काही सुचेना, तेव्हा त्यांनी छत्री मिटवली.

पाना उलट्या बाजूने लावला. नट एका झटक्यात सुटला.

डॉजवाल्यांचं म्हणणं असं की गाडी पुढे जाताना डाव्या चाकाच्या फिरण्याने नेहमीच्या आट्याचे नट सैल व्हायला बघतात, म्हणून डावीकडे उलटे आटे. पुढे नटाची बैठक निमुळती केली की हा प्रश्न मिटतो हे पटलं आणि ही पद्धत गेली. दुसऱ्या स्टडच्या टोकावरचे रंगाचे थर पान्याच्या कडेने खरवडले, तर खाली ठसा निघाला, ‘एल’ अक्षराचा. म्हणजे इतका वेळ सगळं गाव मिळून ते चाक घट्ट करत होतं.

पंक्चरवाला आला आणि त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्यांना चार पावलं मागे ढकललं. या ट्रकाची रिम दोन चकत्यांची, नटांनी एकमेकींना आवळलेल्या. चाक काढायचे नट वेगळे आणि चकत्या सोडायचे वेगळे. आत हवा असताना चुकून दुसरे नट सोडले तर चकती तोफगोळ्यासारखी सुटते आणि माणूस जागेवर राहत नाही. त्याने आधी व्हॉल्व्हची पिन काढली, उरलीसुरली हवा जाऊ दिली, कान लावून ऐकलं, मगच पाना हातात घेतला. त्या दिवसातलं एवढं एकच काम कोणी सल्ला न देता झालं. टायर मात्र आतून फाटला होता आणि स्टेपनीचा टायर स्टेपनीपुरताच होता.

इथे तज्ज्ञांनी कपाळाला हात लावला: महायुद्धातल्या ट्रकाचा टायर आता अमेरिकेहून मागवायचा का? पंक्चरवाल्याने साइज वाचली. ९.००-१६. ‘ही तर ट्रॉलीची,’ तो म्हणाला. खरंच. डोकाऱ्याच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या याच मापाच्या टायरांवर धावतात. पैकी एक ट्रॉली जवळच्याच शेतात रिकामी उभी होती. तिच्या मालकाने टायर द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. त्याची दुसरी, भरलेली ट्रॉली पाणी सोडलेल्या वावरात आसापर्यंत रुतली होती. ती विंचने काढून द्यायची.

म्हणजे तोरणमाळ राहिलं. पण नवा टायर चढल्यावर, तुटक्या स्टडविना, डॉज बांधावरून वावरात ज्या ऐटीत उतरला, ती ऐट रस्त्यावर दिसली नव्हती. चारही चाकांना जोर दिला, पुढची तार सोडली, ट्रॉलीला आकडा अडकवला आणि विंच फिरू लागला. तार ताणली गेली. ट्रॉली जरा हलली, ऊस करकरला, पोरांनी ओरडा केला आणि विंच थांबून त्याला फिरवणारा शाफ्ट नुसताच गरगर फिरायला लागला.

शिअर पिन मोडली होती. मालकांनी तिचे दोन तुकडे तळहातावर घेतले आणि खूश होऊन दाखवले. ‘ही मोडायलाच ठेवलेली असते, भाऊ. ही मोडली नाही तर तार तुटते, आणि तार तुटली की समोर असेल त्याला कापते.’ जास्तीची पिन घरी. खिळा बारीक पडला. बोल्ट बसला असता, पण बोल्ट मोडत नाही, म्हणून तो चालायचा नाही. पाहिजे होतं काहीतरी बोटाएवढं जाड आणि मुळात तकलादू.

बोलणं थांबलं आणि सगळ्यांची नजर एकाच जागी गेली. पाहुणे एक पाऊल मागे सरले.

‘दांडी पोकळच आहे ना?’ मालकांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पोराला हाक मारली, ‘अरे, पेटीतून करवत आण. आणि झाकणावर अजून काही लिहिलंय का, तेही बघ.’