सील शाबूत

माझ्या आयुष्यातले सगळे मोठे खर्च काटकसरीपायी झालेले आहेत. १९८४ च्या मार्चमध्ये मुंबईहून नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा कराडहून एसटीचं तिकीट काढायचं आणि बसायचं, इतकी साधी गोष्ट होती. पण मामांचे मळीचे दोन टँकर होते, त्यातला एक त्याच रात्री पनवेलच्या पुढे एका कारखान्याला जायचा होता, आणि 'फुकट' हा शब्द कानावर पडला की माझ्यातला पहिल्या वर्गातला बी. कॉम. खडबडून जागा होतो.

मामांच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत एक टेबल, एक काळा फोन, लक्ष्मीची तसबीर आणि तारेला टोचलेल्या पावत्या, एवढा ऐवज होता. पाटीवर मामांच्या नावापुढे 'आणि कंपनी' असं होतं. ही कंपनी म्हणजे मामी. गाडी पोचली का, हे विचारायला मामा सकाळी ट्रंक कॉल लावत, आणि तो लागायच्या आत बहुतेक वेळा गाडीच परत दारात येऊन उभी राहत असे.

मळी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस आटवून त्यातली साखर काढून घेतली की मागे जे काळं, दाट, चिकट उरतं, ती मळी. टनभर उसामागे चाळीसेक किलो निघते. हिच्यापासून दारू होते, त्यामुळे सरकारचा हिच्यावर उपवर मुलीवर असावा तसा डोळा. १९९३ पर्यंत तिचा भाव आणि कोणाला किती द्यायची तेही सरकारच ठरवी. टाकी भरली की झाकणाच्या कडीत तार ओवायची आणि तारेला शिशाचं सील ठोकायचं. ते सील सुनेच्या मंगळसूत्रासारखं जपायचं, असं मामांनी मला निघताना बजावलं होतं. मी जपलं. त्याबद्दल कोणी काही बोलू शकणार नाही.

शिवाय मळी भयंकर जड. पाण्याच्या जवळजवळ दीडपट. हजार लिटर पाण्याचं वजन हजार किलो, तर तेवढ्याच मळीचं चौदाशे. म्हणून आमची टाकी लहान होती आणि गळ्यापर्यंत भरलेली होती. ड्रायव्हर अण्णांचं मत असं, की भरलेली टाकी गरीब असते, अर्धी टाकी बेइमान. अर्ध्या टाकीत ब्रेक मारला की मागचा माल पुढं धावतो आणि थांबलेल्या गाडीला ढकलतो. "मानसाचंबी तसंच हाय, पाव्हणं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते मला तेव्हा कळलं नाही.

गाडी टाटाची १२१०, केबिन लाकडाची, आणि इंजिनाचं बॉनेट दोन सीटांच्या मधोमध. त्यावर गोधडी टाकून मला बसवलं होतं. कराड सोडलं तेव्हा खालून ऊब येत होती, साताऱ्यापर्यंत मी भाकरीसारखा एका बाजूने भाजून निघालो, मग कूस बदलली. मुलाखतीचा पांढरा टेरिलिनचा शर्ट डावीकडच्या खिडकीजवळ खिळ्याला अडकवला होता, सुरकुती पडू नये म्हणून.

प्रवासवर्णनात स्थळांची वर्णनं असावीत असा संकेत आहे, ती उरकतो. अजिंक्यतारा अंधारात होता. खंबाटकीत पुढच्या ट्रकचा मागचा दिवा दिसला. कात्रजच्या बोगद्यात तोही दिसला नाही. पुणं झोपलेलं होतं, जकात नाका तेवढा जागा होता. तिथल्या माणसाला मळी ही गुळात धरावी की काकवीत, असा प्रश्न पडला. तो सुटायला पाऊण तास आणि दोन चहा लागले. चहाचे पैसे अण्णांनी दिले. माझ्याकडे सुटे नव्हते. म्हणजे, होते.

लोणावळ्याला उजाडलं. रात्रभर जागलेला क्लीनर पोरगा मागच्या फळीवर तोंड उघडं टाकून झोपला होता. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. मळीला उष्णतेने फेस येतो, हवा धरते, म्हणून घाट उतरण्यापूर्वी झाकणाचे चार कानाचे नट सैल करून ती हवा जाऊ द्यायची आणि पुन्हा आवळायचे, असा रिवाज होता. सीलची तार झाकण बोटभर उचलू देण्याइतकी ढिली असे.

"पाव्हणं, वर जाऊन तेवढी हवा काढताय का? पोरगं झोपलंय."

मी आनंदाने शिडी चढलो. टाकीवर उभं राहिलं की लोणावळा छान दिसतो, आणि तिकीट नाही. मी चारही नट सैल केले. आतून पोट भरलेल्या म्हशीने सोडावा तसा उसासा आला. मग मी एक नट आवळला. तेवढ्यात खाली चिक्कीच्या दुकानाचं दार उघडलं, दुकानदाराने कालची मोडकी चिक्की टोपलीत काढली, आणि ती तो स्वस्तात विकतो की फुकट देतो याचा मी अंदाज घेऊ लागलो. अण्णांनी हॉर्न दिला. मी उतरलो. चिक्की त्याने घरात नेली.

ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात तो उतरायचा, हा अण्णांचा नियम. दुसऱ्या गिअरात इंजिन कण्हत होतं. अमृतांजन पूल गेला. १८३० चा तो पूल पुढे २०२० मध्ये पाडला, पण त्या दिवशी तो आमच्यापेक्षा धडधाकट होता. पुढे शिंग्रोबाचं देऊळ येतं. इंग्रजांना घाटातून रेल्वेची वाट दाखवणारा हा धनगर. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, अशी कथा सांगतात. १८६३ मध्ये घाटात रेल्वे सुरू झाली. धनगर देव होऊन रस्त्याकडेला बसला. चालत्या गाडीतून त्याला नाणं टाकायचं असतं. अण्णांनी रुपया टाकला आणि मला म्हणाले, "तुमीबी टाका. मुलाखत हाय." माझ्या खिशात चार आणे होते आणि दहा पैसेही होते. मी हिशेब केला आणि दहा पैसे टाकले.

पुढच्याच वळणाला समोरून एसटी आली. अण्णांनी ब्रेक दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग काचेच्या वरच्या कडेपासून एक काळा पडदा सावकाश खाली येऊ लागला. मळी घाई करत नाही. नाटक संपल्यासारखा तो पडदा डोंगरावर, दरीवर आणि एसटीवर उतरत गेला. अण्णांनी वायपर लावला. त्याने ब्रेडला लोणी लावावं तशी ती नीट, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत सारवून घेतली.

अण्णांनी मुंडकं खिडकीबाहेर काढून गाडी हाकायला सुरुवात केली. तेव्हा वरून एक धार त्यांच्या टोपीवर पडली. डावीकडे माझा शर्ट होता. मी तो वाचवायला झेपावलो आणि दोघेही सापडलो.

गाडी कडेला लागली. पोरगा जागा होऊन चाकाखाली दगड लावून आलासुद्धा.

"नट आवळलं न्हवतं का?"

"आवळले होते."

"किती?"

काही प्रश्न बी. कॉम.ला विचारू नयेत. मी शिडी चढलो. टाकीवर मळीचा थर होता, पहिल्याच पावलाला उजवी चप्पल तिथे राहिली, दुसऱ्याला डावी, आणि तिसऱ्या पावलाला मी बसलो. बसून सरकत झाकणापर्यंत गेलो, तीन नट आवळले, आणि उठता येईना. खालून जाणाऱ्या एका ट्रकने डिपर दिला. का दिला असेल? घाटात साइड मागावी अशी माझी अवस्था नव्हती. मुंग्या कुठून येतात हे विज्ञानाने शोधावं; दहा मिनिटांपूर्वी त्या कड्यावर एकही नव्हती.

कारखान्याच्या फाटकावर एक गृहस्थ आले. आमच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते वर चढले, सील भिंगाने तपासलं आणि खाली येऊन म्हणाले, "सील शाबूत आहे."

"व्हय साहेब."

"मग मळी सांडलेली नाही."

माझ्या केसांतून ती टपकत असताना त्यांनी वहीत तसं लिहिलं. वजनकाट्यावर नव्वद किलो कमी भरली. 'सील शाबूत, घट नव्वद किलो' अशी नोंद झाली. ती घट त्यांच्या वहीवरही टपकली होती.

टाकी रिकामी झाली की धुवावी लागते, आणि त्यासाठी आत उतरावं लागतं. तळाशी उरलेल्या मळीत पाणी गेलं की ती आंबते, तिचा वायू तळाला बसतो, आणि त्यात माणूस ओरडतही नाही. अण्णांनी आधी कंदील दोरीने आत सोडला. विझला. तासभर झाकण उघडं ठेवलं, पुन्हा सोडला. जळत राहिला. मग त्यांनी पोराच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, आणि म्हणाले, "म्हन."

पोरगा आत उतरला आणि पाढे म्हणू लागला. टाकीतून आवाज घुमत येत होता. बारा, तेरा, चौदा. सतरा सक्कं त्याने चुकवलं. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं तर अण्णांनी हात धरला.

"चुकू दे. बोलतंय न्हवं?"

सतरा सातेला आवाज थांबला. अण्णांचा दोर ताठ झाला. मग आतून आलं, "एकशे एकोणीस." दोर ढिला पडला. माझ्याकडे न बघता अण्णा म्हणाले, "गेल्या सालच्या पोराला पाढं येत न्हवतं."

पुढचं थोडक्यात. पनवेलहून मुंबईच्या एसटीत मला अख्खं बाक मिळालं, कंडक्टरने तिकीट लांबून दिलं. मुलाखतीला मी अण्णांचा खाकी शर्ट घालून गेलो, अनवाणी. तिघांपैकी एकाने विचारलं, "गुळाचा वास येतोय का?" नोकरी लागली नाही.

नव्वद किलो मळीचे पैसे मामांनी अण्णांच्या पगारातून कापले. कंपनीचा तो नियमच होता, आणि मामींनी तो मोडला नाही. मी तेव्हा तिथेच, टेबलासमोर बसलो होतो. तीन नटांबद्दल एक शब्द बोललो नाही. अण्णाही बोलले नाहीत. मामांनी "सील शाबूत होतं ना?" एवढंच मला विचारलं. मी होय म्हणालो.

आता एक्सप्रेस वेवरून शिंग्रोबा लागत नाही. तुमच्यापैकी कोणी कधी जुन्या घाटाने उतरणार असेल, तर माझ्या नावाने पाच रुपये टाका. दहा पैसे २०११ पासून चलनात नाहीत, नाहीतर एवढं सांगितलं नसतं.