जा, मी कुठे जाणार आहे!

आमच्या घरात लोळत पडण्याचा अधिकार ज्या एका माणसाला आहे, ते माणूस तो कधी वापरत नाही. आत्या पहाटे साडेपाचला जागी होते, सहाला रेडिओ लावते आणि साडेसहाला तिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घ्यावं लागतं. सातच्या आत सगळं आटोपून पेपर हातात पडला नाही, तर तिच्या मते दिवसाची शिल्लक जुळत नाही. जन्मभर सरकारी लेखा विभागात नोकरी केली, त्यामुळे तिचं बोलणंही जमाखर्चाचं. कोणी पाहुणा कळवळून "आजारी माणूस आहे हो घरात" म्हणाला, की ती तिथल्या तिथे दुरुस्ती करते. "आजारी नाही, अपंग. दोन वेगळी खाती आहेत. एकातलं दुसऱ्यात टाकायचं नाही."

तर आजाराचं खातं आमच्याकडे रिकामं होतं. वैशाखातल्या एका रात्री ते मी उघडलं.

या विषयावर सविस्तर लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही आणि ते बरंच आहे. एवढंच सांगतो की रात्री दोनच्या सुमाराला वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवतंय असं वाटून मी चिडून उठून बसलो, आणि बसल्यावर कळलं की आवाज वरून येत नाही. पुढचं सगळं धावपळीत झालं. आमच्याकडे संडास-न्हाणीघर एकत्र, आणि तेही एकच. आत्या आमच्याकडे राहायला आली तेव्हा ते तिच्यासाठी फोडून नव्याने करून घेतलं होतं. उंबरा काढला, दार खुर्ची जाईल एवढं रुंद केलं, कमोड उंच बसवला, दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे लावले, खरखरीत फरशी घातली, हाताशी बेल दिली. गवंडी तेव्हा हळहळला होता, "साहेब, पुढे विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक नाक मुरडणार."

त्या रात्री ते गिऱ्हाईक मीच होतो आणि मी नाक मुरडलं नाही. उंबरा नव्हता म्हणून अंधारात ठेच लागली नाही. गुडघ्यांत त्राण नसताना उंच कमोडवरून उठता आलं. डावा दांडा चार बोटं पुढे हवा म्हणून आत्याने गवंड्याशी अर्धा तास घातलेल्या वादाचा अर्थ मला पहाटे चारला कळला. बेल मात्र वाजवली नाही. वाजवून येणार कोण? बायको नागपूरला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, दिवसभर आत्याजवळ असणाऱ्या ताई गावच्या जत्रेला. घरात मी, आणि जिच्यासाठी ती बेल लावली ती.

साडेसहा मात्र कोणाच्या पोटासाठी थांबत नाहीत.

आत्या आधी स्वतःच उठायची. पायांत कॅलिपर आणि काखेत कुबड्या घालून ती पस्तीसेक वर्षं बसने ऑफिसला गेली. निवृत्तीनंतर हात दुखायला लागले, मग दमायला लागले. तिला लहानपणी पोलिओ झाला होता. पोलिओत काही चेतापेशी मरतात, उरलेल्या मरणाऱ्यांचंही काम अंगावर घेतात, आणि अशी दुहेरी ड्यूटी अनेक दशकं केल्यावर त्याही थकतात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. आत्या त्याला 'थकबाकी' म्हणते. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत जायला फळी लागते आणि फळीला माणूस लागतो.

ही फळी सुताराकडून करून घेतलेली आहे, दोन हात लांब, कडा गोल केलेल्या, मेण घासून गुळगुळीत केलेली. खुर्ची पलंगाला तिरकी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे आणि लागलेत का ते हलवून बघायचं. अलीकडचा हात-टेका काढायचा. फळीचं एक टोक आत्याच्या मांडीखाली, दुसरं खुर्चीच्या गादीवर. तिच्या कमरेला रुंद पट्टा, तो आपल्या हातात. मग तिने "हं" म्हणायचं, आणि आपण ओढायचं नाही, फक्त तिच्याबरोबर सरकायचं. ओढलं की ती ओरडते.

ब्रेक झाले, फळी झाली, पट्टा झाला. आत्या "हं" म्हणाली आणि त्याच क्षणी माझ्या पोटानेही "हं" म्हटलं. मी तिच्याकडे पाहिलं. माझा चेहरा तिने कसा वाचला कोण जाणे. पट्टा सोडवून घेत ती पलंगावर नीट मागे सरली आणि म्हणाली, "जा जा, मी कुठे जाणार आहे!"

परत आलो तेव्हा तिने उशीखालून कालचा पेपर काढून शब्दकोडं सोडवायला घेतलं होतं.

"बाहेरचं खाल्लंस का?"

हा प्रश्न त्या दिवशी मला सगळ्यांनी विचारला. दिल्लीहून भावाने, नागपूरहून बायकोने, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आणि चपला घालून मी कसाबसा ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टरांनीही. मराठी माणसाचा असा गाढ विश्वास आहे की घरातलं पाणी, घरातलं ताक, घरातला शिळा भात यांनी कोणाचं कधी वाकडं केलेलं नाही, जे काय होतं ते 'बाहेरच्या'ने. मी बाहेरचं काही खाल्लेलं नव्हतं, पण सांगून कोणाला खरं वाटेना. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल दिसतंय, दोन-तीन दिवसांत जाईल. पाणी पीत राहा. घरात दुसरं कोणी?" मी आत्याचं सांगितलं. पेन खाली ठेवून ते म्हणाले, "मग हात धुवा." औषधापेक्षा हेच त्यांनी जास्त वेळ समजावलं. साबण आणि वाहतं पाणी. करोनापासून घरात जागोजागी ठेवलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या या कामी फारशा उपयोगाच्या नाहीत. उलट्या-जुलाबांच्या साथी पसरवण्यात ज्याचा नेहमी हात असतो त्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा नीट परिणाम होत नाही. बरं वाटल्यावरही दोन दिवस दुसऱ्यासाठी स्वयंपाक करायचा नाही.

ते ऐकताच आत्याने घराचा ताबा घेतला. मी तिच्या अन्नाला, पाण्याला, औषधाच्या डबीला हात लावायचा नाही. तिला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत धुवायचं, आणि धुताना तिला दिसेल असं धुवायचं. खुर्ची तिने बेसिनसमोरच्या पॅसेजमध्ये लावून घेतली. "बोटांच्या मध्ये. अंगठा राहिला. परत." साठी गाठत आलेल्या माणसाला असं बोलणं ऐकून घ्यावं लागतं तेव्हा आधी राग येतो. पण तिच्या पोटात ते गेलं तर काय, याचा हिशोब मनात केला की राग उतरतो. मला जेवढ्या वेळा धावावं लागलं तेवढ्या वेळा फळी, पट्टा, "हं", आणि तेही दोघांची पोटं बिघडलेली असताना. मी परत साबण घेतला.

खरं तर जंतूंच्या बाबतीत तिचा अधिकार मोठाच आहे. आपल्याला पोलिओ म्हटलं की पाय आठवतात, पण तो मुळात पोटाचा विषाणू. तोंडावाटे जातो, आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि घाणेरड्या पाण्यातून वा न धुतलेल्या हातांवरून पुढच्या तोंडात जातो. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना पत्ताही लागत नाही. साधारण दोनशेत एखाद्याच्या बाबतीत तो चेतासंस्थेत शिरतो आणि कायमचं लुळेपण ठेवून जातो. १९५३ साली, दोन वर्षांच्या आत्याच्या बाबतीत तो शिरला. साल्कची लस जाहीर व्हायला अजून दोन वर्षं होती. वाड्यातल्या इतर पोरांनाही तेव्हा ताप आला असणार, हागवण लागली असणार. ती पोरं आठवड्यात उठून विटीदांडू खेळायला गेली.

आत्या हे सगळं कोरडेपणाने सांगते. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाल्यावर ती डोस पाजण्याच्या रविवारी कुबड्या घेऊन आमच्या चौकातल्या बूथवर जाऊन बसायची. कोणी बोलावलेलं नसायचं. काही बोलायचीही नाही, नुसती खुर्ची टाकून कॅलिपर दिसतील असे पाय पुढे करून बसायची. तिच्याकडे बघून आया मुलांना पुढे सरकवायच्या. २०११ च्या जानेवारीत हावड्याला सापडलेली रुग्ण देशातली रानटी पोलिओची शेवटची ठरली आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी तिने माझ्याकडून पेढे आणवले होते. आता पॅसेजमधून ती माझ्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याला म्हणावं, या घरात तुझा थोरला भाऊ सत्तर वर्षं राहिलाय. तुझं काय एवढं कौतुक!"

दुपारपर्यंत फोनवरून उपायांचा ढीग साचला. जायफळ उगाळून. डाळिंबाची साल उकळून. सुंठ आणि गूळ. ताकात हिंग. साबुदाण्याची पेज, नाही, भाताची पेज, नाही, काहीच नाही, पोटाला विश्रांती. हे सगळं एका दिवसात केलं असतं तर विषाणूच्या वाट्याला काही कामच उरलं नसतं. सोसायटीतल्या एका दयाळू मुलाने फळांच्या चवीच्या पेयाचे खोके आणून दिले. जुलाबात साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. असल्या गोड पेयांवर 'ओआरएस' छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात बंदी घातली, ती एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर. मी ते खोके बाजूला ठेवले आणि लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घातलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली ओआरएसची पाकिटं संध्याकाळी मिळाली.

या पाण्याचा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही, कारण तो आमच्यासारख्यांचा इतिहास आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित सीमेवरच्या बनगावात लोटले आणि त्यांच्यात कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, त्या लावायला माणसंही नव्हती. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी करून ड्रमांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. साखरेच्या संगतीने मीठ आतड्यातून आत जातं आणि त्यांच्यामागून पाणी, हे शास्त्र आधीच माहीत होतं. नवं होतं ते डॉक्टरचं काम घरच्या माणसाच्या हातात देणं. महालनबीसांना २०२३ मध्ये पद्मविभूषण मिळालं, पण मरणोत्तर. पाजणाऱ्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

आणि पाजणाराच आडवा झाला तर? २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या दुसऱ्याच कलमात काळजीवाहू कोण याची व्याख्या आहे. पगारी असो वा बिनपगारी, घरचे लोक धरून, जो आधार देतो तो. म्हणजे मी. व्याख्या वाचून मला फार बरं वाटलं होतं. त्या दिवशी मात्र मी माणसं पुरवणाऱ्या एका ब्यूरोला फोन लावला आणि "पेशंट कोण?" या प्रश्नावर अडकलो. मी म्हणालो, तसे दोघं. पलीकडून फोन खाली.

मी संकोची माणूस. शेजाऱ्यांकडे वाटीभर साखर मागायची तरी आधी हवापाण्याच्या गप्पा मारतो. संध्याकाळी आत्याला परत पलंगावर घ्यायचं होतं आणि मला उभं राहिलं की अंधारी येत होती. तरी मी म्हणत होतो, बघू, होईल, आणखी थोड्या वेळाने. आत्याने माझ्यासमोर खालच्या काकूंना फोन लावला. "संध्याकाळी साडेसातला तुमचा मुलगा आणि अजून एक जण, पंधरा मिनिटांसाठी. पाठीला झटका बसणार नाही, उचलायचं नाहीये, कसं ते मी सांगेन. येताना साबणाने हात धुऊन. आणि सकाळी साडेसहाला परत." फोन ठेवला. माझी हकिगत नाही, पोटाचं वर्णन नाही, "तुम्हाला त्रास देतेय" नाही.

मी म्हटलं, जरा सांगायचं तरी की परिस्थिती काय आहे.

"दुःख सांगितलं की लोक सल्ला देतात. वेळ सांगितली की येतात," ती म्हणाली. "बसस्टॉपवर पस्तीस वर्षं मी काय केलं असं तुला वाटतं? तीन पायऱ्या, एक हात, डावीकडून. एवढंच सांगायचे. माझी कहाणी ऐकत कोणी बसलं असतं तर बस गेली असती."

साडेसातला काकूंचा मुलगा आणि त्याचा मित्र आले. बावीस-तेवीसचे, व्यायामशाळेत जाणारे, आत्याला एका हाताने उचलू असा आत्मविश्वास. तिने दोघांना आधी बेसिनवर पाठवलं, मग ब्रेक तपासायला लावले, मग पट्टा कसा धरायचा ते दाखवलं. पहिल्या खेपेला त्यांनी ओढलं. ती ओरडली. दुसऱ्या खेपेला नीट सरकली. जाताना ती त्यांना म्हणाली, "आणि याला पण झोपवून जा. हा स्वतःहून झोपणार नाही." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरून खाटेवर नेलंसुद्धा. उशाशी पाण्याचा तांब्या, बादली, टॉवेल. त्यातल्या एकाने दिवा मालवताना विचारलं, "काका, बाहेरचं खाल्लं होतं का?"

रात्री बायकोचा फोन आला तो मी घेऊ शकलो नाही, आत्याने घेतला. दार उघडं असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं. "हो गं, आहे बरा. पेज घेतली वाटीभर. लघवी झाली नीट, ते विचारून घेतलं. नाही, ताप नाही. मी आहे ना, तू काळजी करू नकोस, बाळाकडे बघ." मग जरा थांबून, आवाज खाली न आणता, "करतोय, करतोय. पण लाजतो गं फार. त्याला सवय नाही."